अंड्याला काय म्हणायचं

तैवानात, यीलान भागातल्या लोदोंगच्या बाजारामागच्या गल्लीत यौ सू-लिंगचं न्याहारीचं दुकान आहे. पहाटे तवा तापतो, दुपार व्हायच्या आत शटर अर्धं खाली येतं. मधल्या वेळात समोर जो उभा राहील तो 'हँडसम' आणि जी उभी राहील ती 'सुंदरी'. यात लाडीगोडी काही नाही, आमच्याकडे न्याहारीच्या दुकानांत असंच हाकारतात. तोंडाचं बोळकं झालेल्या म्हाताऱ्यालाही 'हँडसम, अंडं एक का दोन?' असंच विचारतात, आणि तोही मान ताठ करून 'दोन' म्हणतो.

अंड्याला सू-लिंग 'नुई' म्हणते. अख्खं यीलान म्हणतं. बाकीचं तैवान नाकातल्या नाकात 'न्ङ' म्हणतं. तरुणपणी ती तैपेईला कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथे एकदा डबा उघडून 'नुई' म्हणाली, तर पोरींनी हसून हसून जेवण सोडलं. पुढे ती दिसली की 'आली बघ नुई!' आपण चिडलो नव्हतो, असं ती सांगते. मला ते खरं वाटत नाही. पण चिडण्यापेक्षा तिला प्रश्न पडला हे मात्र खरं: मग आणखी कुठे कुठे काय काय म्हणत असतील? हा किडा डोक्यात वर्षानुवर्षं वळवळत राहिला आणि पन्नाशीनंतर, हातात फोन आल्यावर, त्यातून 'तोंडाळ' उभं राहिलं.

'तोंडाळ' म्हणजे फोनवर जमलेली मंडळी. जो तो आपल्या गावचे तैवानी शब्द आपल्या आवाजात बोलतो आणि सगळ्यांच्या साठ्यात टाकतो. अध्यक्ष नाही, कार्यालय नाही. ज्याला पटणार नाही त्याने साठा उचलावा आणि वेगळी चूल मांडावी, हा नियम सू-लिंगनेच केलेला. एकच गोष्ट तिच्या हातात होती. आलेला आवाज साठ्यात घ्यायचा की परत पाठवायचा, ते ती ठरवायची. सुरुवातीला चार टाळकी होती, दुसरं कोण करणार होतं? मग माणसं वाढली, किल्ली मात्र तिच्याच एप्रनच्या खिशात राहून गेली.

आणि वेळ किती, तर तवा घासल्यापासून उद्याची कांद्याची पात चिरायला बसेपर्यंत. तेवढ्यात आवाज ऐकायचे, भांडणं सोडवायची आणि लोकांची बोलणी खायची. टीकेबाबत तिचे दोन नियम होते. उपाशीपोटी वाचायची नाही. आणि उत्तरात एकच प्रश्न विचारायचा, पण खरोखर पडलेला.

"प्रश्न विचारला की माणूस शिव्या विसरतो आणि शिकवायला लागतो," ती म्हणते. "शिवाय लांबलचक उत्तर लिहायला सवड कुणाला आहे?"

'माशाचा काटा' मात्र या औषधाला दाद देईना. हे काटेराव तैनानचे, आणि नावाप्रमाणे घशात अडकणारे. 'सगळ्यांचं सगळ्यांचं म्हणता आणि गाडी एका बाईच्या तव्यापाशी अडते,' त्यांनी लिहिलं. 'आमच्या तैनानचे आवाज कधीचे दारात ताटकळताहेत.' दुसऱ्या दिवशी: 'अंडं शोधलं की सगळ्यात वर यीलानचं नुई. का? मालकीणबाई तिकडच्या म्हणून?' आणि तिसऱ्या दिवशी सरळच: 'हे वरचं नुई हललं नाही, तर आम्ही तैनानवाले आपले आवाज घेऊन निघालो.'

खाली तैनानच्या मंडळींनी माना डोलावल्या. निम्मा साठा त्यांच्याच आवाजांचा होता. ते गेले असते तर मागे मुख्यतः उरलं असतं ते यीलानवाल्यांनी यीलानवाल्यांना ऐकवायचं घरगुती गाणं.

खरं तर तिने काही वर-खाली केलंच नव्हतं. जो आवाज आधी आला तो वर, एवढंच साठ्याच्या यंत्रणेला कळत होतं, आणि पहिलं अंडं तिचं होतं. हे तिने रागारागाने लिहिलं, मग पुसलं. कारण काटेरावांच्या जुन्या तक्रारी चाळताना तिला वेगळंच काहीतरी दिसलं होतं. पेंघूचा कोळी एका शब्दाआधी खोकतो. लुकांगच्या बाईमागे कुत्रं भुंकतं. सिन्चूचा एकजण थकला की शेवटचा सूर गिळतो. साठ्यातला एकही आवाज या माणसाने सोडला नव्हता! जे आवडत नाही ते कुणी इतकं मन लावून ऐकतं का?

पिठाच्या बोटांनी तिने लिहिलं, 'हँडसम, तुम्ही हे सगळं का ऐकलंत?'

'हँडसम' सवयीने उमटलं होतं. मंडळी लोटपोट झाली. 'काटेराव, अंडं एक का दोन?' कुणीतरी विचारलंच. मग उत्तर आलं: 'मी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आहे. लिहून बोटं दुखतात. फोन करा.'

सू-लिंगने पात तशीच ठेवली आणि फोन लावला.

"बोला, मी क्वो पी-श्या." शब्द न् शब्द सुटा, खणखणीत.

"मावशी, चुकलंच माझं. दुकानातली सवय हो."

"असू दे. बऱ्याच वर्षांत कुणी हँडसमसुद्धा म्हटलं नव्हतं."

पी-श्याबाई टेलिफोन एक्स्चेंजात होत्या, लांबचे फोन जोडून द्यायच्या. "एक शब्द कानावर पडला की माणूस कुठला ते सांगायची मी. नोकरी संपली आणि कान रिकामे बसले. मग तुमचा साठा सापडला. रोज ऐकते."

"मग एवढा राग कशाचा?"

पी-श्याबाईंनी पलीकडचा पंखा बंद केला.

"नात आहे माझी, रुई. घरात तिच्याशी सगळे मँडरिनच बोलतात. मीच म्हटलं, यावरून आपली बोली शीक. तिने अंडं शोधलं, पहिलं सापडलं ते पाठ केलं. नववर्षाला सगळे जेवायला जमलेले. ती म्हणाली, आमा, मला नुई वाढ. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यांदा कोण हसलं? मी, तिची आजी. त्यानंतर पोरीने आपल्या बोलीतला एक शब्द तोंडातून काढलेला नाही. घाला आता तुमचं नुई चुलीत."

सू-लिंगला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. हे हसू तिने स्वतः सोसलं होतं. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप, आणि तेच हसू तिच्याच साठ्यातून निघून तैनानला एका पोरीच्या ताटात पडलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "आता वर-खाली काही ठेवायचंच नाही. जो येईल त्याला आधी विचारायचं, तुझी माणसं कुठली? मग त्या गावचा शब्द द्यायचा."

"आणि हे करणार कोण? तुम्हाला पात चिरायला वेळ नाही."

"तुम्ही. किल्ली घ्या."

"मी? अगं बाई, लोक मला फाडून खातील!"

"खातील की. मी तेच भोगतेय ना."

"आणि मी यीलानवाल्यांना दारात ताटकळवलं तर?"

"तर काटा व्हायची पाळी माझी." सू-लिंगने एप्रनला हात पुसले. "रुई घरात आहे का?"

"आहे. पण ती बोलायची नाही हो."

"नको बोलू दे. ऐकू तर दे."

फोन हातांतून हातांत गेला. श्वास ऐकू येत होता. सू-लिंग मँडरिनमध्ये म्हणाली, "रुई, ती नुई म्हणणारी बाई मीच."

मग बारीक आवाजात, मँडरिनमध्येच, "तुम्ही खरंच असं म्हणता?"

"दिवसभर म्हणते. अंडीच विकते मी."

"मग लोक हसत नाहीत?"

"इथे सगळेच असं म्हणतात. इथे येऊन तुझी आमा न्ङ म्हणाली, तर आम्ही तिला हसू."

"आमाला?"

"आमाला!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं वाजली. मग लांबून, स्वच्छ तैवानीत, पोरगी म्हणाली, "आमा, उद्या डब्यात नुई दे."

"चूक!" पी-श्याबाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्या थांबल्या. "चूक नाही," त्या म्हणाल्या. "यीलानचं आहे ते. देते हं."