शेवंतीवरचा दिवा

"कोनं धाडलं तुमाला?"

औंढ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या फुलवाल्या मावशींच्या फाटकात पाऊल टाकलं की हा प्रश्न ठरलेला. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि पूजेला चार फुलं न्यायला येतो, यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. निघताना त्या माझी पिशवी हळूच चाचपायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मावशींचा सगळ्यात मोठा संशय मात्र कुडापलीकडच्या धाकट्या जावेवर. वाटणी झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं.

एका पावसाळ्यात फुलं चोरीला गेली, म्हणून मावशींनी वाफ्यांच्या मधोमध बांबूला मोठा दिवा टांगला. तो रात्रभर जळायचा. दिवाळी तोंडावर आली, तरी शेवंतीला कळी नाही. देवळासमोरचं त्यांचं दुकान याच फुलांवर चालायचं. फुलली होती ती फक्त जावेच्या कुडालगतची, गोठ्याच्या सावलीतली ओळ.

"पाहा मास्तर, तिच्याकडची फुलली, बाकीची काहून न्हाई? पान्यात काहीतरी टाकून राहिली ती. उद्या ठाण्यातच जाते."

त्या खरंच गेल्या असत्या. मी घाईघाईनं समजावलं, "मावशी, रात्री लांबल्या की शेवंतीचं पान एक प्रथिन बनवतं. ते देठातून शेंड्याला जातं आणि सांगतं, आता कळी धर. तुमच्या दिव्यामुळं पानाला रात्र लांबल्याचं कळतच नाही. मग निरोप कसा निघणार? गोठ्याआड उजेड पोचत नाही, म्हणून ती ओळ फुलली."

त्यांनी दिव्याकडं पाहिलं, कुडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हे सांगायला तिनंच धाडलं न्हाई ना तुमाला?"

"नाही हो!"

"मंग अंधारात राखन कोन करंल?"

"जाऊबाईंना सांगा की."

ठाण्यात त्या गेल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लागला नाही. जाऊबाईंनी कुडाच्या पलीकडं बाज टाकली, मावशींनी अलीकडं. जाऊबाई फुलं राखत होत्या आणि मावशी जाऊबाईंना.

दिवाळी हातची गेली. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना मात्र टोपली भरली. पहिली ओंजळ मावशींनी कुडावरून जावेला दिली. "घे. पन माहा संशय काही गेला न्हाई." दोघीही हसल्या. मला फार बरं वाटलं.

यंदा उन्हाळ्यात मावशी गेल्या. शेवंती आता जाऊबाई बघतात. परवा मी फुलं आणायला गेलो. कुणी काही विचारलं नाही. निघताना फाटकाशी मी उगाच थांबलो, पिशवी पुढं धरून.