हरल्यावर वाजणारी धून

मंडळी, खरं सांगतो, आज मी एका मोबाइल गेमवर जळलो.

नरसीत भजनाला अठरा वर्षं झाली मी पेटी वाजवतो. तिचे सूर उतरले म्हणून सकाळी दुरुस्तीवाले सलीमभाई घरी आले. काम झाल्यावर पेटी तपासायला त्यांनी एक संथ धून वाजवली. शेंगा फोडत बसलेल्या माझ्या मायचे हात थांबले. डोळे भरून आले.

"कोणता अभंग हाय हा, भाऊ?"

सलीमभाई लाजले. "अभंग न्हाई, माय. आमची पोरगी गेम खेळती, ती हरली की हे वाजतं. रोज ऐकून बोटात बसलं."

"हरल्यावर एवढं गोड वाजवतेत, मग हरायची काय तकलीफ?" माय म्हणाली.

माझ्या पेटीवर ही बाई कधी रडली न्हाई. उलट "जरा हळू वाजव" म्हणते!

सलीमभाई गेल्यावर मला विचारते, "तुला येतं का रे ते?"

म्हटलं, त्यात काय एवढं!

दुपारपासून तो गेम उतरवून, पेटी पुढं घेऊन मी मुद्दाम हरून राहिलो. धून अजून बोटात बसंना.

आपल्या माणसाच्या डोळ्यात पाणी यावं म्हणून तुमी कधी इतक्यांदा हरलात का?