सुरतेत भेटलेली मिशीवाली नवरी

प्रिय ईशान आणि रेवा,

पुण्याहून सुरतेला निघताना माझ्या पर्समध्ये एक विषयपत्रिका, तिच्या चार झेरॉक्स प्रती आणि ईशान, तू पाठवलेला हातांनी अक्षरं काढायचा तक्ता होता. सायली तुम्हाला आठवत असेल. तुमच्या बाबांच्या मामेभावाची, प्रकाशची मुलगी. जन्मापासून बहिरी, सुरतेत एका कारखान्यात संगणकावर साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं काढते. तिला अमळनेरजवळच्या एका गावातला निलेश आवडला होता. तोही बहिरा. दोघांचं ठरलं होतं, आता मोठ्यांची बोलणी व्हायची होती.

सायलीची अट एकच होती, सुरत सोडायची नाही. "इथे दर रविवारी आम्ही चाळीसजण भेटतो," तिनं मला मेसेज केला होता. "त्या गावात बहिरा फक्त निलेश. तिथे गेले तर मी दोन माणसांच्या देशात राहीन." प्रकाशनं फोन केला, "आत्या, तू ये. तू असलीस की बोलणी मुद्द्यावर राहतात." माझी विषयपत्रिका आठ मुद्द्यांची होती. निवास हा मुद्दा चौथा.

गाडीत मी तक्ता काढून सराव सुरू केला. शेजारच्या बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "सांधेदुखीवरचं का हो?" मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी सी आणि डी करूनही पाहिलं होतं. डहाणूच्या चिकूच्या बागा मागे पडल्या तेव्हा समोरच्या दोघीही सामील झाल्या होत्या. वापीला एकीनं आपला अंगठा खरंच मोकळा झाल्याचं जाहीर केलं. नवसारीला पूर्णा नदी ओलांडली, पण नदीकडे पाहायला कोणाचा हात मोकळा नव्हता.

प्रकाशचं घर सुरतेतल्या उधन्याला, तिसऱ्या मजल्यावर. मी बेल दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली, मग बोट तसंच ठेवलं. दार उघडलं तर घरातले सगळे दिवे उघडझाप करत होते आणि प्रकाशची बायको वैशाली डोळ्यांवर हात धरून उभी होती. "आत्या, बोट काढा!" त्या घरी बेल वाजत नाही, दिसते.

सायलीला मी माझं नाव एकेक अक्षर करून दाखवलं. तिनं कौतुकानं शेवटपर्यंत पाहिलं आणि फोनवर लिहिलं, "आत्याआजी, ही अमेरिकेची अक्षरं. आपल्याकडे दोन हात लागतात." ईशान, तुझा तक्ता मी सांधेदुखीसाठी जपून ठेवला आहे.

सकाळी लोचो खाल्ला (डाळीच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ. खमण बिघडलं की लोचो होतो, आणि सुरतेत तो मुद्दाम बिघडवतात). त्यावर शेव, कांदा आणि भरपूर तेल. मी दुसऱ्यांदा घेत असताना दुभाषी आले.

भिकनभाऊ पन्नाशीचे, सफारी घातलेले, मिशा भरघोस. मूळ कुटुंब खानदेशातलं, जन्म इथल्याच, सुरतेतल्या बमरोलीचा. त्यांचे आईवडील दोघे बहिरे. वडील मागाच्या खात्यात (यंत्रमागांच्या शेडमध्ये) कामाला होते. "तिथे आवाज एवढा, की ऐकणारे कामगारपण हातानीच बोलायचे," ते सांगू लागले. "पण त्यांना दहाच खुणा यायच्या. चहा, धागा तुटला, शेठ आला. माझे वडील पूर्ण भाषा बोलायचे. अख्ख्या खात्यात त्यांचंच बोलणं सगळ्यात साफ." शाळेत मात्र त्याच वडिलांना हात बाकाखाली ठेवायला लावत. हातांनी बोललं की पट्टी बसे.

मग त्यांनी मला नियम सांगितले. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं ते हातांनी सांगणार. सायली बोलेल तेव्हा ते "मी" म्हणतील ती सायली. निलेश बोलेल तेव्हा "मी" म्हणजे निलेश. "आणि तुम्ही स्वतः?" मी विचारलं. "मी दुभाषी. दुभाषी आता चहा घेईल, आत्या."

पाहुणे अकराला आले: निलेश, त्याची आई आणि मामा. निलेशला वडील नाहीत, घरात शब्द मामांचा. मी प्रती वाटल्या. मामांनी आपली प्रत घडी करून वाऱ्यासाठी वापरली.

"तिला विचारा, स्वयंपाक येतो का?" मामांनी भिकनभाऊंना सांगितलं.

भिकनभाऊंनी तसंच्या तसं हातांनी सांगितलं. सायलीनं मागे वळून कोणी उभं आहे का ते पाहिलं आणि हात हलवले. "कोणाला विचारू?" भिकनभाऊ म्हणाले.

"तिला हो!"

"दुभाषी विनंती करतो की सायलीशी थेट बोला."

"हा दुभाषी कोण आता?"

"मीच."

"मग सरळ ‘मी’ म्हणा ना, माणसा!"

"‘मी’ म्हटलं तर ती सायली."

मामांनी निलेशच्या आईकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून खाली बघत होती. तेवढ्यात सायली बोलू लागली, आणि भिकनभाऊ मिशीवरून हात फिरवून गंभीरपणे म्हणाले, "मी वरणभात छान करते. पोळ्या येत नाहीत आणि शिकायची इच्छाही नाही."

"तुम्हाला नसतील येत," मामा समजुतीनं म्हणाले. "आम्ही पोरीचं विचारतोय."

इथून पुढचे दोन मुद्दे मी कसे पार पाडले ते माझं मला माहीत. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली, भिकनभाऊंनी तीही हातांनी सांगितली. मामांना वाटलं आपल्यावर काहीतरी टिप्पणी झाली.

चौथा मुद्दा आला. "मी सुरत सोडणार नाही," भिकनभाऊ सायलीच्या वतीनं म्हणाले. "लग्नानंतर निलेशनं इथे यावं."

मामांनी भिकनभाऊंना नखशिखान्त पाहिलं, मग समजून सायलीकडे वळले. "मान्य आहे. आम्ही काय जुन्या विचारांचे नाही."

प्रकाशचा चेहरा उजळला. मी चौथ्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली. खूण पुरी होते न होते तोच मामा बहिणीच्या कानाशी वाकले आणि अहिराणीत (खानदेशातली बोली) कुजबुजले, "आत्ते हा म्हनी टाक. लगीन व्हयनं का गावले लई जासूत."

मला त्यातलं ‘लगीन’ तेवढं कळलं. पण भिकनभाऊंचे हात चालले होते. सायलीचा चेहरा उतरला. तिनं सावकाश, एकेक खूण वेगळी करत उत्तर दिलं.

"मला कळलं, मामा," भिकनभाऊ म्हणाले. "आत्ता हो म्हणून टाक, लग्न झालं की गावी घेऊन जाऊ, असं म्हणालात."

मामा खुर्चीतून अर्धे उठले. "तुले अहिराणी येस?"

"मन्ही आजीनी शिकाडी, भाऊ," भिकनभाऊ पहिल्यांदाच स्वतःचं म्हणून बोलले.

"मग कानात बोललेलं चव्हाट्यावर मांडायचं?"

"खोलीत ऐकू आलं ते सांगायचं, हा दुभाष्याचा नियम. कुकरपण सांगितला ना."

माझी बरोबरची खूण शाईची होती. मी ती खोडत होते तेवढ्यात निलेश उभा राहिला. तोवर तो बिचारा बिस्किटांच्या बशीकडे बघत बसला होता. त्याचे हात इतके वेगानं चालले की भिकनभाऊंना दम लागला.

"मी गावी राहणार नाही," भिकनभाऊ म्हणाले.

"तुम्हाला बोलावलंय कोणी गावी?" मामा ओरडले.

"मी निलेश. मामा, घरात जेवताना सगळे हसता. मी विचारतो, काय झालं? तुम्ही म्हणता, नंतर सांगतो. अठ्ठावीस वर्षं झाली, नंतर कधी आलं नाही. आज पहिल्यांदा तुमची कुजबुज मला वेळेवर कळली. आणि ती माझ्याच लग्नाची निघाली."

निलेशची आई उठली आणि भिकनभाऊंना ओलांडून मुलासमोर जाऊन उभी राहिली. "मला हातांनी येत नाही रे," ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "तुझ्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, शिकू नका, नाहीतर पोरगा तोंडानं बोलायचा नाही." तिच्या खांद्यावरून निलेश भिकनभाऊंचे हात वाचत होता. मग त्यानं आईचं मनगट धरून तिला एक खूण करायला लावली. कसली ते त्यानं सांगितलं नाही.

त्यानंतर सायली आणि निलेश एकमेकांशीच बोलू लागले आणि भिकनभाऊ दोघांचा आवाज झाले. "मी येतो. मी थांबते. आधी काम शोध. शोधतो. खोली पण. खोली पण. पोळ्यांचं काय? मी करतो. मग मी खाते."

मामा मटकन खाली बसले. "वहिनी," ते वैशालीला हळूच म्हणाले, "हा माणूस स्वतःशीच लग्न जुळवतोय." हेही भिकनभाऊंनी हातांनी सांगितलं. दोघं पोट धरून हसली.

शेवटी मी सायलीला स्पष्ट उत्तर मागितलं. निलेशला सुरतेत काम आणि खोली मिळाली की होकार, त्याआधी नाही. मी तसंच लिहिलं आणि मामांची सही घेतली. सही करताना त्यांनी भिकनभाऊंना विचारलं, "इथे ‘मी’ म्हणजे मीच ना?"

परतीच्या गाडीत विषयपत्रिका वाचून पाहिली. सगळे आठ मुद्दे सायलीच्या भल्याचे होते, आणि एकही लिहिताना मी तिला विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलींना परीक्षेत प्रथमपुरुषाबद्दल विचारत आले. त्यांचं स्वतःचं म्हणणं किती वेळा विचारलं, हे नवसारीपासून वसईपर्यंत आठवत बसले. संख्या फार भरली नाही.

परवा सायलीचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी निलेश. त्याला बमरोलीत भरतकामाच्या मशिनवर काम मिळालंय आणि खोलीही ठरलीय. हे तिनं लिहून कळवलं, पण लग्नाचं हातांनी सांगितलं, आणि मला ते कळलं; बोलणीच्या दिवशी ती खूण कितीदा तरी पाहिली होती. आनंदाच्या भरात मला सांगायचं होतं, मी लग्नाला येते. ‘येते’ची खूण आठवेना, म्हणून ‘मी’ आणि ‘लग्न’ एवढंच जोरात करून दाखवलं.

दोघं हसत पडद्याबाहेर कोसळली. पाच मिनिटांनी भिकनभाऊंचा मेसेज आला: "आत्या, अभिनंदन. सायली विचारते, मुलगा कोण?"