लाटेमागे धावणारे सर

कॉलेजातले गणिताचे ते सर आमच्याच होडीने खाडी ओलांडायचे. होडी धक्क्याला थांबली की तिने ढकललेली लाट एकटीच पुढे जायची, आणि सर चपला हातात घेऊन काठाने तिच्यामागे धावायचे.

“या लाटेमागे समीकरणांची न संपणारी माळ आहे. नेमकी अट घातली की एकच समीकरण उरतं, आणि ते पाण्यात असं दिसतं. बरोबर ना?” असं विचारून उत्तराला ते कधी थांबले नाहीत.

त्यांचा संशोधनाचा लेख नाकारला गेला, त्या संध्याकाळी ते होडीतच बसून राहिले.

“सर, लाट चल्ली मां!” होडीवाला म्हणाला.

समोरून दुसऱ्या होडीची लाट आली. दोन्ही लाटा एकमेकींतून आरपार गेल्या आणि तशाच पुढे निघाल्या.

“मोडली नाही. बरोबर ना?” सरांनी विचारलं, आणि या वेळी ते थांबले.

“बरोबर. आता धावा!” होडीवाला म्हणाला.