म्हशीवर चिकटवलेला खाकी कागद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती गेली, तेव्हा तिला सांगायचा प्रश्नच मिटला. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं आमच्या घरी येणं-जाणं नाही.

मी गिरगावात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. निवृत्त झालो आणि मुलाबरोबर भाईंदरला राहायला आलो. मुलगा-सून दोघंही नोकरीला, बायको त्या दिवसांत मुलीकडे गेलेली, त्यामुळे दुपारभर नात माझ्याकडे. रेवा तिचं नाव, तेव्हा चार-साडेचार वर्षांची. सून, म्हणजे अश्विनी, तिच्यासाठी चित्रांची पुस्तकं आणायची. पानभर चित्र आणि खाली एक ओळ! मला ते पटायचं नाही. इतकी वर्षं मी पोरांना फळ्यावर अक्षरं काढून वाचायला शिकवलं — चित्रांवाचून कुणाचं काय अडलं होतं?

त्यातलं एक पुस्तक तळ्यात बसलेल्या म्हशीचं. ती काही केल्या बाहेर येत नाही, एवढीच गोष्ट. रेवा ते मला ‘वाचून’ दाखवायची. ओळ असायची ‘म्हैस हलेना’, आणि ही वाचायची की कावळ्यानं मालकाची चप्पल पळवली, आता मालक एका पायावर उभा राहणार. मी म्हणायचो, कावळा कुठे लिहिलाय? बोट ठेव. ती बोट ठेवायची ते चित्रावर. कावळा खरंच होता तिथे, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात. मला तो दिसलाच नव्हता, हेही सांगून टाकतो. आणि दिसल्यावर मला उलट जास्तच राग आला.

का आला? समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी येता-जाता ऐकवायच्या, “अंकल, हमारा तो पूरा पेज पढ़ लेता है.” त्यांचा मुलगा रेवाच्याच वयाचा. आणि इथे मास्तरांच्या नातीला अक्षर ओळखता येत नाही — लाज वाटायची मला. तिची नव्हे हो, माझीच.

जून महिना होता. सोसायटीतल्या पोरांच्या वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं मीच घालून द्यायचो. माझ्या हाताला तेवढी सफाई आहे. त्यातला कागद उरला होता. रेवा झोपली होती. मी पट्टी लावून चौकोन कापले आणि म्हशीच्या पुस्तकातल्या एकेका चित्रावर डिंकाने चिकटवले. खालची ओळ तेवढी उघडी ठेवली. म्हटलं, आता वाचेल.

उठल्यावर तिनं पुस्तक उघडलं. म्हैस कुठे गेली, विचारलं. आणि मी — इथे थांबावंसं वाटतंय, पण सांगायला बसलोच आहे तर सांगतो — मी म्हणालो, “तू वाचत नाहीस ना, म्हणून गेली.”

ती रडली नाही. सगळी पानं उलटून पाहिली. मग बाकीची पुस्तकं गोळा केली आणि आतल्या खोलीत आईच्या उशीखाली नेऊन ठेवली — त्यातली चित्रं तरी जाऊ नयेत म्हणून. मला ते तेव्हाच कळलं होतं. तरी मी डिंकाची बाटली कपाटात ठेवून दिली.

अश्विनीचं ऑफिस काशीमीऱ्याला. ट्रॅफिकमधून दमून घरी आली, पुस्तक पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, हे कुणी केलं?” रागानेही विचारलं नव्हतं. मी केलं म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर दोन दिवस माझ्याशी कमी बोलली असती. मी म्हणालो, “तिनंच. माझा जरा डोळा लागला होता.”

तिनं रेवाला विचारलं. रेवानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं.

“हो,” रेवा म्हणाली, “माझ्यामुळे झालं.”

ती खोटं बोलत नव्हती. मी जे सांगितलं होतं ते तिनं खरं मानलं होतं.

अश्विनीने ओल्या फडक्याने कागद काढायला घेतला, तर खालचं चित्रही सोलून निघालं. पट्टीने कापलेल्या त्या सरळ कडा तिला दिसल्या नसतील का? तिनं कधी विषय काढला नाही, मीही नाही. मोठी झाली की देऊ, म्हणून सगळी पुस्तकं माळ्यावर गेली. नवी आणणं बंद झालं. रेवाने हट्ट केला नाही. मला हायसं वाटलं — हो, हायसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी बाराखडी सुरू केली.

बाराखडी आली तिला. आता सातवीत आहे, भराभर वाचते, मार्कही चांगले पडतात. धड्यात लिहिलंय तेवढं बरोबर सांगते. त्यापलीकडचं काही सांगत नाही.

परवा माझी मुलगी तिच्या छोट्याला घेऊन आली होती. त्याच्या हातात बोटींच्या चित्रांचं पुस्तक. तो रेवाच्या मांडीवर चढून बसला आणि दाखव म्हणून मागे लागला. रेवानं त्याला अलगद खाली उतरवलं.

“माझ्याकडे नको रे,” ती हसत म्हणाली. “लहानपणी मी पुस्तकांची वाट लावायचे. आजोबांकडे जा. ते नीट दाखवतील.”

सगळे हसले. मीही हसलो. पोरगा पुस्तक घेऊन माझ्याकडे आला, मी चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.