आईची जीभ आणि ताकातली मिरची

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारी पहिल्यांदा बायकोला सांगितलं, आणि तेही एक मिरची फुटली म्हणून.

फुटली म्हणजे अगदी आवाज करून फुटली. ताकातली मिरची ताकात घालण्याआधी तिला उभी चीर द्यायची असते. मी एकवीस मिरच्यांना आठवणीने चीर दिली, बाविसावीला विसरलो, आणि तळताना नेमकी तीच पहिली कढईत सोडली. एक बी माझ्या चष्म्याच्या काचेवर, बाकीच्या बिया नंदाने आदल्याच दिवशी घासलेल्या टाइल्सवर. नंदा म्हणजे माझी बायको. तिने ओलं फडकं माझ्या हातात दिलं.

मी मिरचीपासून सुरुवात करतोय, कारण खऱ्या गोष्टीपर्यंत यायला मला वेळ लागतो. सहा वर्षं लागली — अजून चार ओळी लागल्या तर सांभाळून घ्या.

या बावीस मिरच्या आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या. बी आईचं. आई कुडाळजवळच्या तिच्या माहेराहून ते बी पदराच्या गाठीत बांधून मुंबईला आली, आणि चाळ सुटून फ्लॅट आला तसं ते गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत गेलं. बुटकी, जाड सालीची, काळपट हिरवी मिरची. आमच्या सेक्रेटरींनी एकदा डब्यांबद्दल नोटीस लावली. आईने त्यांच्या घरी वाटीभर तळलेल्या मिरच्या पाठवल्या. नोटीस दुसऱ्या दिवशी निघाली, वाटी मात्र परत आली नाही.

ताकातली मिरची करणं तसं सोपं — ऐकायला. आंबट ताकात मीठ, हिंग, मेथीची पूड. चिरलेल्या मिरच्या रात्रभर त्यात बुडवायच्या, सकाळी काढून उन्हात, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात. मिरच्यांनी सगळं ताक पिऊन संपवेपर्यंत हे चालायचं. मग नुसती तीन कडक उन्हं. आणि शेवटी परीक्षा — एक मिरची देठाजवळ मोडायची. कट् असा आवाज आला तर बरणीत भरायची. वाकली तर परत गच्चीवर.

आणि आईची जीभ. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या घरात गॅस बंद व्हायच्या आधी नंदाची हाक जायची, "आई, बघता का जरा?" आई ओट्यापाशी यायची, तळहात पुढे करायची, नंदा पळीतून एक थेंब त्यावर सोडायची. आई तो चाटायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. मीठ कमी. तिरफळ दोन जास्त. नारळ जुना. बिल्डिंगमधल्या बायकासुद्धा वर्षाचा मसाला दळून आणला की आधी चिमूटभर आईकडे घेऊन यायच्या. माझे वडील गेले तेव्हा, सव्वा महिन्यानंतर आई पहिल्यांदा खोलीबाहेर आली ती याच हाकेला. हे मला माहीत होतं. माहीत असून मी पुढचं केलं.

सहा वर्षांपूर्वी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, मुलुंडला, माझ्या बहिणीच्या घराजवळ. डॉक्टरांनी तारीख अचानक अलीकडे आणली, आणि गच्चीवर त्या वर्षीच्या सगळ्या मिरच्या ताक पिऊन नुकत्या वाळत घातलेल्या. आई आणि नंदा मुलुंडला गेल्या. रिक्षात बसता बसता आईने मला बजावलं, "मोडून बघ हां. वाजली तरच भर."

आता माझी नोकरी सांगतो, म्हणजे तुम्हाला नीट हसता येईल. गोरेगावला औषधांच्या कारखान्यात मी गोळ्यांमधला ओलावा तपासतो. तीस वर्षं. ओल राहिली की माल सडतो, हे मी नव्या पोरांना शिकवतो.

आणि घरी? दोन उन्हं झाली. गच्चीवर लिफ्ट जात नाही, गुडघा कुरकुरत होता, टीव्हीवर मॅच होती. मिरची मोडून पाहिली. ती वाकली. मी स्वतःला म्हटलं, वाकली म्हणजे झालीच की जवळजवळ. बरणी गच्च भरली, झाकणाला फडकं बांधलं आणि सोफ्यावर बसलो.

दहा दिवसांनी फडकं सोडलं तर आत पांढरी लव. सगळ्या बरणीत. वास असा की खिडकी उघडावी लागली. मी ते सगळं काळ्या पिशवीत बांधलं आणि बिल्डिंगच्या कचऱ्यात न टाकता भाजी मार्केटजवळच्या कुंडीत नेऊन टाकलं. बरणी धुतली, वाळवली, दुकानातून ताकातल्या मिरचीची दोन पाकिटं आणली, ओतली. रिकामी पाकिटंसुद्धा ऑफिसच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. इतकी काळजी मी वाळवताना घेतली असती तर?

तरी इथपर्यंत हे काहीच नव्हतं, हो ना? सांगून टाकलं असतं तर आईने मला दोन शिव्या घातल्या असत्या, बहिणीने मुलुंडभर केलं असतं, आणि प्रत्येक गणपतीत ही गोष्ट निघून मी कोपऱ्यात हसत बसलो असतो. घरातले अर्धे किस्से माझ्या मूर्खपणाचेच आहेत. एकाने काय बिघडणार होतं?

आई परत आली. डोळ्याला काळा चष्मा, वाकायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब. दुपारी तिने पेज मागितली आणि मिरची. नंदाने तळून दिली. दिसत नव्हतं नीट, म्हणून बोटांनी चाचपून आईने मिरची उचलली, चावली — आणि थांबली.

"ही आपली नाय," ती म्हणाली.

नंदाने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, सहजच, बरणी मी भरली होती म्हणून. आणि मी म्हणालो —

"आपलीच आहे, आई. तुझ्याच तोंडाला चव नाहीये."

वर समजावून सांगितलं. डोळ्यात घातलेलं औषध घशात उतरतं, तोंड कडू होतं, चव बिघडते. हे खोटं नाही. औषधाच्या कारखान्यातल्या माणसाने सांगितलं, आणि तो तिचा मुलगा होता. मग उरलेली मिरची तिने मुकाट्याने खाल्ली. मला वाटतं, मला बरं वाटावं म्हणून खाल्ली.

महिन्याभरात थेंब बंद झाले. बरणीतली मिरची मात्र तीच होती. आईने पुन्हा एकदा चाखून पाहिली आणि बरणी माझ्याकडे सरकवली. "माझी जीभ गेली रे," म्हणाली, छत्री हरवली म्हणून सांगावं तशी.

तेव्हा तरी? तेव्हाही मी बरणी उचलून फडताळात ठेवली.

बायका मसाला घेऊन आल्या की ती हसून म्हणायची, "माका नको गो विचारू, माका आता काय कळना नाय." त्या वर्षी तिने घरचा मसालाही केला नाही. गच्चीवरच्या डब्यांत मिरचीच्या जागी कढीपत्ता आला. आणि स्वयंपाकघरातली ती हाक — ती नेमकी कधी थांबली, मला आठवत नाही.

एक दिवस मात्र आठवतो. जेवताना आईने आमटीचा घास घेतला आणि हळूच म्हणाली, "खालसून लागली काय गो?" नंदा काही बोलायच्या आत आईनेच मान हलवली. "नाय, नाय. माझ्याच तोंडाक लागता." आमटी लागलेलीच होती. मलासुद्धा कळत होतं, आणि मला तर चहात साखर नसली तरी कळत नाही. तिची जीभ शाबूत होती. ती पहिल्या दिवसापासून शाबूत होती. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी आई गेली.

देवघराच्या खणात तिच्या कापडाच्या गाठीत बी सापडलं. वीस बिया पेरल्या, तीन उगवल्या. त्या तीन झाडांच्या या बावीस मिरच्या. या वेळी तिन्ही उन्हं दिली. प्रत्येक मिरची नाही, पण पाच-सहा मोडून पाहिल्या. वाजल्या.

तर रविवारी मी टाइल्स पुसल्या, बाकीच्या मिरच्या तळल्या. नंदाने पेजेबरोबर एक चावली आणि थांबली. अगदी आईसारखी थांबली. मग म्हणाली, "ही आईंची. पण मग ऑपरेशनच्या वर्षीची अशी का नव्हती?"

मी सांगितलं. लव, काळी पिशवी, दोन पाकिटं, सगळं. शेवटी ते वाक्यही सांगितलं, जसं होतं तसं.

मला वाटलं होतं ती रागावेल. ती बराच वेळ ताटातल्या मिरचीचा देठ फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आईंना चाखायला बोलवायचं मी बंद केलं. त्यांना उगाच वाईट वाटायला नको, म्हणून."