आईंचा भूगोल

हॉस्पिटलमध्ये दाखल करून घेताना तिथल्या तरुण डॉक्टरने आईंना नाव विचारलं, वय विचारलं आणि मग व्यवसाय. छातीत एवढं दुखत असतानाही आईंनी स्पष्ट सांगितलं, "विद्यार्थी." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. आजींना भ्रम होतोय का, असा त्याचा चेहरा. मी म्हटलं, "खरंय ते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. भूगोल घेऊन." तो हसला आणि त्याने लिहिलं... काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. आईंनी मात्र माझ्याकडे बघून मान हलवली, बरोबर सांगितलंस अशी. मग त्यांना आत नेलं. तासाभराने आतून निरोप आला, आई गेल्या. त्याला आता सहा आठवडे होतील.

विमलताई माझ्या सासूबाई. लग्न झाल्यापासून मी त्यांना आईच म्हणत आले. माहेर रोह्याकडचं. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढची खाडीपलीकडे. मुलीला रोज होडीतून कोण पाठवणार, म्हणून शिक्षण तिथेच थांबलं. मग लग्न, लालबागची खोली, आणि मुलगा नोकरीला लागल्यावर मीरा रोडला पूनम सागरमधला आमचा हा फ्लॅट. सासरे गेले तेव्हा आई सत्तावन्न वर्षांच्या होत्या. वर्षभर त्या गप्पगप्पच असायच्या. एकदा भाजी आणायला गेल्या त्या दोन तासांनी परत आल्या, घामाघूम. घराजवळचाच रस्ता चुकल्या होत्या. सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "वैशाली, इतकी वर्षं मी ह्यांच्या मागून चालले गं. आपण राहतो कुठे, तेच मला माहीत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दहावीच्या सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल विचारलं. बिल्डिंगमधल्या कुणाच्या तरी मुलाने तसा बाहेरून फॉर्म भरलाय, हे त्यांच्या कानावर आलं होतं. रस्ता चुकण्याचा आणि दहावीचा संबंध काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

अभ्यासाला त्या पहाटेच्या चहानंतर बसत. भूगोलाचं पुस्तक त्यांनी पंधरा दिवसांत संपवलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. गणित मात्र जाता जाईना. मी पोळ्या लाटताना समीकरणं सांगायची, त्या ओट्याला टेकून वहीत उतरवून घ्यायच्या. परीक्षेत गणिताच्या पेपरला पर्यवेक्षक बाईंना त्यांची दया आली असावी. जवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "आजी, तिसऱ्याचं उत्तर बारा. लिहून टाका." आईंनी ते गणित कोरं सोडलं. निकाल लागला तेव्हा त्या दोन गुणांनी नापास झाल्या होत्या. माझा नवरा, संजय, वैतागलाच. "आई, अगं, लिहायचं ना! सगळे लिहितात."

"मला येत नव्हतं ते," आई म्हणाल्या. "मग तो पेपर माझा कसा?"

त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत, एवढंच. पुढच्या खेपेला सुटल्या. मग बारावी. आणि मग मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चा प्रवेश.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला जड जातंय. अभ्यासकेंद्राने प्रवेशाबरोबर एक माहितीपत्रक भरायला दिलं होतं. आवडीनिवडी काय, कोणती मूल्यं महत्त्वाची वाटतात, भविष्यात काय करायचंय, असे रकाने. आईंनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "ह्यात काय लिहितात गं?" मी ऑफिसमधून नुकतीच आले होते, आमची तन्वी तापाने पडली होती, कुकर लावायचा होता. मी म्हणून गेले, "लिहा काहीही. या वयात डिग्री घेऊन तुम्ही कुठे नोकरीला जाणार आहात?"

आई कागदाची घडी घालून आत गेल्या. मला लगेच चुटपुट लागली, पण सॉरी म्हणायचं राहून गेलं... कुकरची शिट्टी झाली, तन्वीने हाक मारली, दिवस गेला. तिसऱ्या दिवशी भरलेलं पत्रक त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "बघ, शुद्धलेखन तपास." आवडीनिवडीत लिहिलं होतं: नकाशे काढणे, अनोळखी माणसांशी बोलणे. मूल्यांच्या रकान्यात एकच ओळ: जे येत नाही ते येत नाही म्हणणे. आणि भविष्यात: आपल्या भागात इमारती होण्याच्या आधी काय काय होते, त्याचा नकाशा करणे व तो शाळेतल्या मुलांना शिकवणे. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी म्हटलं, "आई, परवा मी जे बोलले..." त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "तू विचारलंस म्हणून दोन दिवस विचार केला. एरवी कुणी विचारतं का मला, पुढे काय करणार म्हणून?"

आणि खरोखरच त्या कामाला लागल्या. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं जोडून त्यांवर रंगीत पेन्सिलींनी नकाशा सुरू झाला. आधी आमची सोसायटी, मग शेजारच्या. दुधवाल्याला विचार, रिक्षावाल्याला विचार. "भैया, यहाँ पहले क्या था?" त्यांचं हिंदी लालबागचं, पण माणसं थांबून उत्तर देत. कुणी मिठागर सांगे, कुणी भातशेत, कुणी नुसतंच "दलदल थी, माताजी." तिन्ही उत्तरं वेगळी आली की आईंना आनंद व्हायचा. म्हणजे चौथ्या माणसाला विचारावं लागणार! काशीगावात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना अर्धा दिवस फिरवून बुजवलेली तळी दाखवली. कुठलं एका दुकानाखाली, कुठलं पार्किंगखाली. संजय म्हणायचा, "आई, गुडघे सांभाळ." त्या म्हणायच्या, "गुडघे घरीही दुखतात."

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर तारोडीला गेले. उत्तनच्या बाजूचं ते समुद्रकाठचं गाव मी तोवर पाहिलंही नव्हतं. तिथे फिलोमिना मावशी म्हणून एक बाई अंगणात मासळी सुकवत होत्या. विहिरीला तिकडे बाव म्हणतात. आईंनी विचारलं, "गावात जुन्या बावी किती?" मावशींनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कशाला पायजे? सरकारकडून आल्यात का?"

"नाही हो. कॉलेजातून आलेय."

"मास्तरीण हाय?"

"विद्यार्थी आहे."

मावशींनी हातातली टोपली खाली ठेवली आणि पोट धरून हसल्या. मग उठल्याच. दुपारभर दोघी हातात हात घालून गावभर हिंडल्या, मी पाण्याची बाटली घेऊन मागे. एका घराच्या पडवीपाशी थांबून मावशी म्हणाल्या, "हिथं आमची बाव व्हती. आता बाव न्हाय, पन पानी हाय. पाय ठेव, गार लागंल." आईंनी चप्पल काढून फरशीवर पाय ठेवला. डोळे मिटून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. परतताना बसमध्ये मला म्हणाल्या, "आमच्या गावची विहीर अशीच होती. शाळा सुटली त्या वर्षी मी तिथे बसून रडायची. कुणाला दिसू नये म्हणून." आमच्या पंधरा वर्षांच्या संसारात हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात तन्वीच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी नकाशाबद्दल ऐकलं आणि सहावीच्या वर्गावर एक तास घ्याल का, म्हणून निरोप पाठवला. आईंनी इस्त्रीची सुती साडी नेसली. नकाशा फळ्याला लावला तर तो फळ्याबाहेर दोन्हीकडे गेला. मी मागच्या बाकावर बसले होते. सुरुवातीला त्या नकाशाचे कोपरेच सरळ करत राहिल्या. मग एका मुलीने हात वर केला. "आजी, तुम्ही कितवीत आहात?"

"एस.वाय.ला."

वर्गात एकच हशा. आईही हसल्या, आणि तिथून त्यांची गाडी जी सुटली! प्रत्येक मुलाला त्यांनी नकाशावर आपापली बिल्डिंग शोधायला लावली. "माझ्या घराखाली तलाव आहे!" एक मुलगा ओरडला. "माझ्या घराखाली मीठ!" दुसरा. कुणीतरी विचारलं, की इथली जागा कोरी का? आई म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. तुझ्या आजोबांना विचारून मला सांगशील?" घंटा झाली तरी मुलं नकाशाभोवतीच. रिक्षातून घरी येताना आईंनी माझा हात धरून ठेवला होता. पुढे जेमतेम दोन महिने त्या होत्या.

गेल्या रविवारी मी अभ्यासकेंद्रावर गेले. त्यांचा प्रवेश रद्द करायचा होता, मूळ दाखले परत घ्यायचे होते. क्लार्कने फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, विद्यार्थ्याशी नाते. खाली वडील, आई, पालक असं छापलेलं, त्यातलं एक ठेवून बाकीचं खोडायचं. मी तिन्ही शब्द खोडले आणि बाजूला लिहिलं, सून. क्लार्कने ते दोनदा वाचलं आणि उठून उभा राहिला. "त्या विमल आजी का?" म्हणाला, "वर वर्ग चालूच आहे. त्यांची एक वस्तू आहे तिथे."

वर खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर एक छोटी उशी होती. बाकाचं लाकूड टोचतं म्हणून आईंनी जुन्या साडीची शिवून नेली असणार. मला ती साडी ओळखता आली. उशीवर विशीतली एक मुलगी बसली होती. मला पाहून ती गडबडीने उठली. "सॉरी हं. आम्ही आळीपाळीने बसतो इथे. आजींची जागा रिकामी ठेवली ना, तर सगळ्यांनाच कसंतरी होतं... तुम्ही उशी न्यायला आलात का?"

तेवढ्यासाठीच तर मी जिना चढून आले होते. पण म्हटलं, "नाही. राहू दे."

सरांनी विचारलं, "तास ऐकताय का थोडा?" फळ्यावर कोकणच्या नद्या होत्या. ती मुलगी बाकावर आत सरकली. मी बसले.